अठरा इंचांची वाट

४ मार्च

धाकटीस,

तू पाठवलेला वॉकर मंगळवारी पोचला. खोकं शाबूत होतं, डावा खालचा कोपरा तेवढा चेपलेला. खोकं मी ठेवून घेतलं आहे. चांगल्या जाड पुठ्ठ्याचं आहे, टाकून देण्यासारखं नाही.

सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ओळ अजून उजवीकडे चढत जाते.

चिठ्ठीत विचारलं आहेस, दादा फोन का उचलत नाही. फोन चालू आहे. वाजतो, मला ऐकूही येतो. फक्त तो जिथे आहे तिथे लगेच पोचता येत नाही. तेव्हा पत्रच बरं.

वॉकर बारकाईनं बघितला. एक इंची ॲल्युमिनियमची नळी, चार पायांना रबरी टोप्या, उंची पाच भोकांनी कमी-जास्त होते. आपल्या बाबांना चौथं भोक लागलं. पायांपाशी बाहेरून बाहेर रुंदी तेवीस इंच. काम स्वच्छ आहे. आपल्या घराच्या मानानं जरा रुंद होता म्हणून थोडा बदल केला आहे. तुला त्यातलं कळणार नाही, सबब तपशील लिहीत नाही.

बाबा खूश आहेत. रोज सकाळी मागच्या खोलीतून पुढच्या खोलीपर्यंत येतात. निघताना तोंडानं शिट्टी मारतात आणि ओरडतात, "गाडी बोगद्यात शिरली रे, बाजूला हो!" मधल्या खोलीत दोन्ही बाजूंना माझा माल रचलेला आहे, त्याच्या मधल्या वाटेला ते बोगदा म्हणतात. म्हणू देत. वाट अठरा इंच आहे. मी ती पट्टीनं मोजून राखतो, इंचभरही कमी होऊ देत नाही. शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर ज्यानं तीस वर्षं घर चालवलं त्याच्याकडे सुटे भाग असणारच. ज्या मशीनचे कारखाने बंद पडले त्यांचे दाते, शटल, बॉबिनच्या डब्या आज फक्त माझ्याकडे आहेत. याला पसारा म्हणत नाहीत.

तुझी वहिनी तिच्या बहिणीकडे गेली आहे, थोड्या दिवसांसाठी.

आता एकच विचारायचं आहे. मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो त्या तीन दिवसांत तू आणि तुझ्या नवऱ्यानं टेम्पो लावून पुढची खोली रिकामी केलीत. त्यात आईची कात्री होती, मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. ती कुठे टाकलीस? रागानं विचारत नाही. मला फक्त जागा कळायला हवी.

भाऊ


११ मार्च

धाकटीस,

बाबा पडले. शनिवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मधल्या खोलीत. खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी शस्त्रक्रिया झाली, आत सळई घातली आहे. शुद्धीवर आहेत. काल अर्धा कप चहा घेतला आणि नर्सबाईंना म्हणाले, "चहा आहे की चहाचा निरोप?" त्यावरून काय ते समज.

डॉक्टरांना त्यांनी चक्कर आल्याचं सांगितलं आहे.

तुला कुठून तरी कळेलच म्हणून मीच लिहितो. त्यांना घरातून काढायला वेळ लागला. पन्नास मिनिटं. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर बावीस इंचांचं, हल्ली सगळंच रुंद बनवतात. त्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं. दोघं जण बोगद्यातून आडवे होत आत गेले, बाबांना चादरीत घेऊन मागे पलंगावर आणलं, आणि तिथून खिडकीतून काढायचं ठरलं. तळमजला असल्याचा फायदा झाला. खिडकीचे गज कापावे लागले. त्यांचं कापायचं यंत्र दुसऱ्या गाडीवर होतं. त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "घरात लोखंड कापायची करवत आहे का? पण या ढिगातून ती निघेपर्यंत संध्याकाळ होईल."

मी ती एका मिनिटात त्याच्या हातात दिली. नवं पातं लावलेली.

तो बघतच राहिला. लोक म्हणतात, माझ्या घरात काही सापडत नाही. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तू येण्याची घाई करू नकोस. तुझ्या शाळेच्या परीक्षा आहेत. इथे मी आहे.

भाऊ


२४ मार्च

धाकटे,

तू दवाखान्यात येऊन गेलीस हे बाबांकडून कळलं. मी दुपारी बाहेर होतो असं त्यांनी सांगितलं असेल. मी जिन्यात होतो. तुझा आवाज ऐकला आणि तिथेच थांबलो. तू घरी गेली नाहीस याबद्दल आभार.

दुकानाला कडक पत्र धाडल्याचं लिहितेस. वॉकर कच्चा होता, वजन पेललं नाही, त्यामुळे माझे वडील पडले, वगैरे. बाबा चक्कर म्हणतात ना? मग दुकान मध्ये कुठून आलं? तरी तुझं तू बघ. भांडायला तू लहानपणापासून समर्थ आहेस. मला त्यात ओढू नकोस.

इथे वेगळंच चाललं आहे. रुग्णालयात एक समाजसेविका बाई आहेत, कायम काखेत फाइल. पेशंटला घरी पाठवण्याआधी घर कसं आहे ते त्या बघतात. मला विचारलं, घराचा साधारण आराखडा काढून द्याल का? साधारण मी काही करत नाही. फुटाला अर्धा इंच असं माप धरून व्यवस्थित नकाशा काढून दिला. दारं, खिडक्या, मालाच्या थप्प्या, वाट, सगळं.

बाईंनी बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "सुंदर काढलाय हो. यात माणसं कुठं बसतात?"

"बाबा पलंगावर. मी कामाच्या स्टुलावर."

"आणि कुणी आलं तर?"

"कुणी येत नाही."

"कधीपासून?"

मी म्हटलं, तुमच्या फाइलला मागून एक टाचणी निघाली आहे, हाताला लागेल.

मग त्यांनी सांगितलं. बाबांना चालणं पुन्हा शिकवायला दोनेक महिने तिथल्याच पुनर्वसन कक्षात ठेवतील. एक जूनला सोडायचं. घरात दारापासून पलंगापर्यंत सलग बत्तीस इंच वाट असेल तर घरी, नसेल तर वृद्धांच्या निवासात. बत्तीस! मी म्हटलं, राजवाडा आहे का माझा? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा एक आजार आहे, साठवणुकीचा विकार म्हणतात, आळशीपणाशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यावर मदत मिळते.

मी म्हटलं, "साठवणूक? मी काय साठेबाज आहे? धान्याचं कोठार सापडलंय का माझ्याकडे?" आणि नकाशा उचलून निघून आलो.

फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, पेन्सिल राहिली. परत गेलो. पेन्सिल होती तिथेच होती, बाईही होत्या तिथेच होत्या. त्यांनी एक कागद पुढे केला. मनाच्या डॉक्टरांचं नाव आणि वेळ. कागद मी ठेवला आहे. कागद मी ठेवतोच.

दादा


९ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र काल मिळालं. पाच वेळा वाचलं. दुकानानं वॉकर तपासणीसाठी परत मागवला आहे, आणि ज्या माणसानं तो तपासून पाठवला त्याला चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवलं आहे, असं लिहितेस. पुढे लिहितेस, बरं झालं.

बरं झालं नाही. पत्र खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

वाट अठरा इंच होती. वॉकर तेवीस. दोन आकड्यांपैकी एक बदलायला हवा होता. मी वॉकर कापला.

समोरच्या दोन आडव्या नळ्या मधोमध कापून प्रत्येकीतून सात सात इंच काढले. आतून पोलादी जोड घालून पुन्हा बसवलं. रिव्हेट बाहेरून दिसत नाहीत. रुंदी सोळा इंच झाली, वाटेत दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा. मी लांबून उभं राहून बघितलं आणि मला माझाच अभिमान वाटला. खोटं लिहीत नाही. वाट रुंद करावी हे माझ्या मनातच आलं नाही. नाकारलं असं नाही गं, आलंच नाही.

उंची तेहतीस, पायथा सोळा. शिलाई मशीनचं टेबल मी कुणाला असं बनवून देईन का? आयुष्यात नाही. बाबा चार दिवस नीट चालले. पाचव्या दिवशी पुढच्या खोलीकडे वळताना त्यांनी डाव्या हातावर भार दिला आणि वॉकर त्यांच्यासकट कलंडला. चक्कर नव्हती. त्यांची शिट्टी अर्ध्यात तुटली, ती मी ऐकली.

करवत एका मिनिटात सापडली म्हणून फुशारकी मारली होती. का सापडली ते आता तुला कळलं असेल. चार दिवसांपूर्वीच हातात होती.

चादरीत गुंडाळून खिडकीतून नेताना बाबांनी माझा कान धरून खाली ओढला. मला वाटलं, कण्हतायत. म्हणाले, "चक्कर आली म्हणून सांगायचं. धाकटीला वॉकरचं बोलू नकोस. सहा वर्षांनी तुम्ही एकमेकांना लिहायला लागलात."

मोडलेलं हाड घेऊन त्या माणसानं हे बोलावं. आणि मी महिनाभर ते पाळलं, कारण मला ते सोयीचं होतं.

तुला आठवत असेल, चौदाव्या वर्षी आई बाहेर गेलेली असताना मी तिचं मशीन पूर्ण उघडलं होतं. तू दाराशी रडत बसली होतीस, आई मारेल म्हणून. मी सगळं परत जोडलं आणि एक स्क्रू उरला नाही. तीच माझी शाळा. जोडल्यावर काही उरलं तर काम चुकलं, एवढा एकच धडा मला कुणी न शिकवता आला. या वेळी सात इंचांच्या दोन नळ्या उरल्या. मी काय केलं? त्यांना चिठ्ठ्या लावल्या, 'वॉकर, समोरची, वरची' आणि 'वॉकर, समोरची, खालची', आणि थप्पीवर ठेवून दिल्या.

दुकानाला सविस्तर पत्र आजच टाकलं. सोबत वरची नळी पुरावा म्हणून पाठवली आहे. त्या माणसाची काही चूक नाही. त्याला कामावर घेतलं की नाही ते विचारून मला कळव. मला विचारायला तोंड उरलं नाही.

दादा


१८ एप्रिल

धाकटे,

टपालाला जायला दोन दिवस, यायला दोन. मधला दिवस तुला लिहायला धरला तरी पाच. आज नववा.

बाबांना सांगितलं की तुला सगळं लिहिलं. ते म्हणाले, "गाढव आहेस." मग म्हणाले, "बरं केलंस."

त्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कागद सापडला. एवढंच.

दादा


३ मे

धाकटे,

तुझं पत्र आलं. पाकीट उघडायला मला दीड तास लागला. आधी उजेडात धरून बघितलं, किती ओळी आहेत. चारच दिसल्या.

त्या माणसाला कामावर घेतलं हे वाचून खाली बसलो. बसलो म्हणजे थप्पीवर.

तू विचारतेस, "मी येऊ का? की पुन्हा टेम्पो आणीन अशी भीती वाटते?"

वाटते. खरं लिहितो. त्या वेळी घरी परतलो तेव्हा पुढच्या खोलीत माझ्या पावलांचा आवाज घुमला. तुम्ही फरशी पुसून फुलदाणी ठेवली होतीत. मला वाटलं, माझं डोकं उघडून कुणीतरी पुसून काढलंय. ती खोली मी चौदा महिन्यांत पुन्हा भरली, आधीपेक्षा वरपर्यंत. डॉक्टर म्हणतात, हे असंच होतं. दुसऱ्यानं रिकामं केलेलं घर पुन्हा भरतं, आणि वर भांडण उरतं. तुझा हेतू वाईट होता असं मी सहा वर्षं म्हणत होतो. आता म्हणत नाही. तू घाबरली होतीस. वहिनीही घाबरली होती. थोड्या दिवसांसाठी गेली म्हणून लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील.

डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. टाका म्हणत नाहीत, हीच पहिली गोष्ट मला पटली. वस्तू हातात द्यायला सांगतात आणि विचारतात, "हिचं काय होणार आहे?" मी म्हणतो, लागेल. "कधी?" कधीतरी. "मागच्या दहा वर्षांत लागली?" मग मी टाचणी-बिचणी काहीतरी शोधायला लागतो आणि त्या गप्प बसून राहतात. गप्प बसण्यात त्या तयार आहेत.

त्यांचं म्हणणं असं, की वस्तू हातातून गेली की जी घालमेल होते ती वाढत वाढत आभाळाला टेकत नाही. चढते, थांबते, उतरते. मी म्हटलं, मोजून बघतो. पहिली वस्तू म्हणून ती दुसरी नळी टाकली. घराबाहेरच्या कचरापेटीत टाकून घड्याळ घेऊन दारात उभा राहिलो. हाताला घाम, छातीत मशीन चाललेलं. दोनदा पेटीपर्यंत जाऊन आलो. एक्केचाळीस मिनिटं लागली उतरायला. पण उतरली. दुसऱ्या दिवशी मशीनचा झिजलेला पट्टा, सव्वीस मिनिटं. मशीन पायानं चालवायच्या एका जुन्या पायट्याला मात्र पंचावन्न. सरळ रेषेत जात नाही हे.

बुधवारी आमच्यासारख्यांची बैठक असते. सात जण. एक निवृत्त मास्तर आहेत, तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका घरात. म्हणतात, "पोरांना परत द्यायच्या होत्या, आता त्यांना नातवंडं झाली." एक शिंपीणबाई आहेत, त्यांच्याकडे चिंध्या. त्यांनी मला ओळखलं, त्यांचं मशीन मीच बसवून दिलेलं. पहिल्या बैठकीत कागदी कपातून चहा मिळाला. संपल्यावर मी कप अलगद पिशवीत ठेवला, वर बघितलं, तर सातातले पाच जण तेच करत होते. क्षणभर कुणी कुणाकडे बघेना. मग मास्तर म्हणाले, "हजेरी झाली वाटतं सगळ्यांची!" आणि आम्ही इतके हसलो की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. मी असा कधी हसलो होतो ते आठवत नाही. कप मात्र घरी आला, हेही सांगतो.

शिवण शिकवणाऱ्या एका संस्थेला पाच मशीनं दिली. सुट्या भागांसाठी योग्य माणूस शोधायला मी पंधरा दिवस घालवले, तर डॉक्टर म्हणाल्या, "प्रत्येक वस्तूला स्थळ बघत बसलात तर वरात एक जूननंतर निघेल." खोचक आहेत.

वाट आज चोवीस इंच आहे. घरी येशील का ते विचारलं आहेस. अजून नको. येऊ नकोस असं नाही. अजून नको.

दादा


१६ मे

धाकटे,

फाइलवाल्या बाई घर बघून गेल्या. मी आदल्या दिवशी वाट मोजली होती, बत्तीस इंच, बरोबर. त्यांनी मोजली, अठ्ठावीस.

मी म्हटलं, तुमची पट्टी चुकते. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी जमिनीपाशी मोजत होतो. त्यांनी खांद्यापाशी मोजलं. वर थप्प्या आत झुकल्या आहेत, दोन्हीकडून दोन दोन इंच. वाटेवर रोज मीच चालतो आणि मला हे दिसलं नाही. आता कळलं, दोन वर्षं मी तिथे डावा खांदा पुढे काढून का चालतो. दवाखान्यातल्या मोकळ्या वऱ्हांड्यातही तसाच चालतो, नर्सबाई हसतात.

चार इंच. सोळा दिवस. बाई सत्तावीसला पुन्हा येणार आहेत. काल बाबांना निवासाचे लोक बघून गेले, एक पलंग राखून ठेवला आहे म्हणाले. बाबा मला म्हणाले, "खिडकी आहे तिथं. गज नाहीत, हे बरं." मला विनोद कळला. हसू आलं नाही.

रविवारी मधल्या खोलीची डावी बाजू शेवटपर्यंत उघडली. आईची कात्री कुठेतरी तिथेच असेल असं मला वाटायला लागलं होतं. तू टाकलीस असं सहा वर्षं छातीठोकपणे म्हणत होतो, आणि मनात खोल कुठेतरी ती आपल्याच घरात निघणार अशी धास्ती होती. निघाली नाही. दुसऱ्या कात्र्या निघाल्या, अकरा. तिच्याऐवजी आणलेल्या. प्रत्येक वेळी वाटलं होतं, ही पुरेल.

तू टाकली असशील किंवा मी हरवली असेन. यापुढे विचारणार नाही. एक ठेवली, दहा दिल्या.

दादा


२८ मे

धाकटे,

काल बाई आल्या होत्या. त्यांनी तीन ठिकाणी मोजलं, गुडघ्यापाशी, कमरेपाशी, खांद्यापाशी. बत्तीस, बत्तीस, साडेबत्तीस. त्या अर्ध्या इंचाकडे मी बोट दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. कागदावर सही झाली. बाबा एक तारखेला घरी येतील. नवा वॉकर रुग्णालयानं दिला आहे, तेवीस इंची. त्याला मी हात लावलेला नाही. उंचीसुद्धा त्यांच्याच माणसाकडून करून घेतली.

एवढ्यानं सगळं झालं असं समजू नकोस. मधली खोली झाली, मागची झाली. पुढची खोली अजून कमरेइतकी भरलेली आहे, दारातून आत येणारी वाट तेवढी मोकळी. काल बाजारातून येताना रस्त्याकडेला एक फुटका पंखा पडलेला दिसला. मोटर चांगली असणार. मी तीनदा त्याच्यावरून गेलो. चौथ्यांदा दुसऱ्या रस्त्यानं आलो. हे रोज आहे. बाबा घरी आले की वाट पुन्हा इंच इंच कमी होईल का, या विचारानं दिवसभर हातातलं काम सुटतं. म्हणून रोज सकाळी मोजतो, खांद्यापाशी. डॉक्टर म्हणतात, मोजणं ठीक आहे, पण एकट्यानं मोजू नका.

तेव्हा आता लिहितो ते नीट वाच.

तू ये. टेम्पो आणू नकोस, नवऱ्याला मागाहून बोलाव. डॉक्टरांनी रीत सांगितली आहे. तू बसायचं, हात मांडीवर. वस्तूला तू हात लावायचा नाही. मी एकेक उचलीन आणि तू विचारायचं, हिचं काय होणार आहे? मी चिडेन. तुला खडूस म्हणेन, लहानपणी म्हणायचो तसं. तू पुन्हा तेच विचारायचं. घालमेल झाली तर मी दारात जाऊन उभा राहीन, तू घड्याळ बघायचं. एका दिवशी एक तास, जास्त नाही.

बसायचं कुठे हे तू विचारशील. काल संध्याकाळी पुढच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची निघाली. आईची, वेताची, मागचा उजवा पाय जरा आखूड. पायाखाली पाचर मारून मी स्वतः दहा मिनिटं बसून बघितली. डुगडुगत नाही. गेली पाच वर्षं या घरात पाहुण्याला बसायला जागा नव्हती, हे मला बसल्यावर समजलं.

सकाळपासून तिच्यावर मी दोनदा काहीतरी ठेवलं. एकदा वर्तमानपत्र, एकदा तेलाची कुपी. दोन्ही उचलली. आता हे पत्र लिहिताना ती समोर आहे आणि तिच्यावर काही नाही, आणि मला तिकडे बघवत नाही.

लवकर ये. मी ती फार दिवस रिकामी ठेवू शकणार नाही.

तुझा,
दादा